दाताचा अभ्यास, घराचं वेळापत्रक

प्रस्तावना

भारतीय दंत परिषदेने 2002-03 मध्ये देशभर मौखिक आरोग्याची पाहणी केली. त्यात पाच वर्षांच्या मुलांपैकी 51.9 टक्के मुलांचे दात किडलेले आढळले; बारा वर्षांच्या मुलांत हे प्रमाण 53.8 टक्के होतं. म्हणजे पहिलीच्या वर्गात पाऊल टाकण्याआधीच दर दोन मुलांमागे एकाच्या तोंडात कीड पोचलेली होती. या किडीचं करायचं काय, यावर मात्र दंतवैद्यांचं आजही एकमत नाही. दात कोरून सिमेंट भरावं, स्टीलची कॅप बसवावी, सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइडचा थेंब लावून कीड आहे तिथेच थांबवावी, की दुधाचा दात पडेपर्यंत घासण्याच्या आणि खाण्याच्या सवयी तेवढ्या सुधाराव्यात? ठाम उत्तर हवं तर काहीशे मुलं निवडायची, चिठ्ठ्या टाकून त्यांचे गट पाडायचे, प्रत्येक गटाला वेगळा उपचार द्यायचा आणि दोन-तीन वर्षांनी त्याच मुलांचे दात पुन्हा तपासायचे.

यातलं शेवटचं काम सर्वांत अवघड आहे, आणि हे पुस्तक त्याच कामाबद्दल आहे. कुटुंबं अभ्यासात येतात कशी, टिकतात कशी आणि मध्येच निघून का जातात, हा प्रश्न ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीच्या संदर्भात इथे मांडला आहे. बालदंतचिकित्सेचे पदव्युत्तर विद्यार्थी, त्यांचे मार्गदर्शक, नीतिसमित्यांचे सदस्य, शाळांचे मुख्याध्यापक आणि अशा अभ्यासात मुलाला घालावं की नाही या विचारात पडलेले आईवडील, हे या पुस्तकाचे वाचक आहेत.

ब्रिटनमध्ये झालेली ‘फिक्शन’ नावाची चाचणी पाहिली की या कामाचं मोल कळतं. स्कॉटलंड, इंग्लंड आणि वेल्समधल्या 72 दवाखान्यांतून तीन ते सात वर्षांची 1144 मुलं तिच्यात घेतली गेली. दात कोरून भरणं, न कोरता कीड आत बंद करून टाकणं आणि केवळ प्रतिबंध, असे तीन गट होते. मुलांचा पाठपुरावा सरासरी पावणेतीन वर्षांहून जास्त काळ चालला आणि 1058 मुलं निदान एकदा तरी पुन्हा तपासणीला आली. 2020 मध्ये निकाल प्रसिद्ध झाला: दातदुखी किंवा जंतुसंसर्गाच्या बाबतीत तिन्ही गटांत लक्षणीय फरक नव्हता, प्रत्येक गटातल्या चाळीस ते पंचेचाळीस टक्के मुलांना कधी ना कधी त्रास झालाच. ‘फरक नाही’ हा निष्कर्ष दंतवैद्यकाला पचायला जड होता. तो खोडून काढता आला नाही, याचं एक मोठं कारण म्हणजे परत आलेली ती हजारभर मुलं.

मुलं परत आली नाहीत तर काय होतं, हे साध्या आकड्यांतून पाहू. समजा, एका गटात शंभर मुलं आहेत आणि वर्षभरात त्यांतल्या चाळीस जणांना दातदुखी झाली. दुखू लागल्यावर त्यांतल्या वीस मुलांना आईवडिलांनी घराजवळच्या दवाखान्यात नेऊन दात काढून घेतला आणि ती अभ्यासाकडे पुन्हा फिरकली नाहीत. उरलेल्या ऐंशी मुलांत दुखणारी वीसच दिसतील. चाळीस टक्क्यांचं अपयश कागदावर पंचवीस टक्के होईल, उपचार होता त्यापेक्षा चांगला ठरेल आणि यात कोणीही लबाडी केलेली नसेल. गळती वीस टक्क्यांपर्यंत चालते असा एक ढोबळ नियम संशोधकांत रूढ आहे. वरच्या उदाहरणात गळती बरोबर वीस टक्के आहे. म्हणून किती गेले याइतकंच कोण गेले आणि का गेले, हेही नोंदवावं लागतं.

एकही सहभागी हातचा जाऊ नये म्हणून इतिहासात काय काय केलं गेलं, तेही विसरून चालणार नाही. साखर आणि कीड यांचं नातं पक्कं करणारा सर्वांत प्रसिद्ध प्रयोग स्वीडनमधल्या लुंड शहराजवळच्या विपेहोल्म रुग्णालयात 1945 नंतरच्या वर्षांत झाला. बौद्धिक अपंगत्व असलेल्या माणसांना तिथे कायमचं ठेवलेलं असे. त्यांच्यापैकी काहींना दिवसाला चोवीसपर्यंत चिकट टॉफ्या दिल्या गेल्या. साखर किती खाल्ली यापेक्षा जेवणांच्या मध्ये किती वेळा खाल्ली आणि ती दाताला किती चिकटली, यावर कीड ठरते, हे ज्ञान आपल्याला तिथून मिळालं. आज प्रत्येक दंतवैद्य पालकांना हेच सांगतो. त्या प्रयोगातल्या माणसांना ‘नाही’ म्हणण्याची सोय नव्हती आणि बाहेर पडायला दारही नव्हतं. तिथे पाठपुराव्याची अडचण आली नाही, ती एवढ्याचसाठी. म्हणून सहभागी टिकले हा आकडा एकटा कौतुकाचा धरता येत नाही. निघून जाण्याची मोकळीक असूनही ते टिकले का, हे पाहावं लागतं.

आपल्याकडचा धडा याहून जवळच्या काळातला आहे. 2009 मध्ये त्या वेळच्या आंध्र प्रदेशातल्या खम्मम आणि गुजरातमधल्या वडोदरा जिल्ह्यांत शाळकरी मुलींना एचपीव्ही लस देण्याचा प्रकल्प सुरू झाला आणि 2010 मध्ये तो थांबवावा लागला. अनेक संमतिपत्रांवर आईवडिलांऐवजी वसतिगृहांच्या अधीक्षकांनी आणि मुख्याध्यापकांनी सह्या केल्या होत्या. 2013 मध्ये संसदेच्या स्थायी समितीने यावर कडक ताशेरे ओढले. ठाण्यात किंवा कल्याणात शाळेमार्फत मुलं गोळा करू पाहणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने हे प्रकरण माहीत करून घ्यावं. मुख्याध्यापकांची परवानगी शाळेच्या फाटकातून आत जाण्यापुरती असते, मुलाच्या तोंडात हात घालण्याची परवानगी आईवडिलांनीच द्यायची असते. ‘हरकत असेल तरच चिठ्ठी पाठवा’ असा निरोप म्हणजे संमती नव्हे.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांत मुलाच्या स्वतःच्या होकारालाही जागा आहे. सात ते बारा वर्षांच्या मुलाचा तोंडी होकार घ्यायचा, बारा ते अठरा वर्षांच्या मुलाचा लेखी. सातच्या आतल्या मुलासाठी पालकांची संमती पुरेशी मानली जाते. पण खुर्चीत बसून तोंड घट्ट मिटून घेणारं पाच वर्षांचं मूलही आपलं मत सांगतच असतं. औषधांच्या चाचण्यांना 2019 चे नियम लागू आहेत. चाचणी सुरू होण्यापूर्वी तिची भारतीय चाचणी नोंदवहीत नोंद करावी लागते. ही नोंदवही 2007 मध्ये सुरू झाली आणि एप्रिल 2018 पासून तिथे आधी काम आणि मग नोंद हा मार्ग बंद झाला. कायद्याची ही चौकट पुढे एका स्वतंत्र प्रकरणात उलगडली आहे, म्हणून इथे त्यात जास्त शिरत नाही.

दातांच्या अभ्यासात कुटुंबं वर्षानुवर्षं टिकवल्याची गाजलेली उदाहरणं महाराष्ट्रात नसली, तरी शेजारच्या क्षेत्रांत आहेत. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालय संशोधन केंद्राने डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या नेतृत्वाखाली 1993 मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत माता-पोषणाचा अभ्यास सुरू केला. त्यात जन्मलेली मुलं सहाव्या, बाराव्या आणि अठराव्या वर्षी पुन्हा तपासली गेली. सहाव्या वर्षी दहातली नऊ मुलं हजर होती. सुरुवातीला गर्भवती आई म्हणून आलेल्या बाईचं मूल मोठं होईपर्यंत त्या घराशी तीच संस्था संबंध राखून होती. सुट्या सुट्या भेटींच्या तारखांवर हा अभ्यास चाललाच नसता.

मुंबईतली गोष्ट वेगळी आहे आणि ठाणे-डोंबिवलीला ती जास्त लागू पडते. 2006 ते 2012 या काळात मुंबईच्या वस्त्यांमध्ये 6513 स्त्रियांना घेऊन एक चाचणी झाली. एका गटाला पालेभाज्या, फळं आणि दूध घातलेला खाऊ रोज मिळे, दुसऱ्या गटाला कमी पोषक भाज्यांचा. गर्भधारणेआधीपासून मिळालेल्या या खाऊचा बाळाच्या वजनावर काय परिणाम होतो, हे पाहायचं होतं. चाचणीत जुळी-तिळी नसलेली 1962 बाळं जिवंत जन्मली. त्यांतल्या 1360 बाळांची मापं जन्मानंतरच्या 72 तासांत घेता आली. बाळंतपणाला माहेरी किंवा गावी जाण्याची रीत जिथे आहे, तिथे बाळाला पहिल्या तीन दिवसांत गाठणं हे संशोधकाच्या हातात उरत नाही. शहर बदललं तरी घराच्या चालीरीती राहतात, आणि अभ्यासाच्या आराखड्यात त्या पहिल्या दिवसापासून धराव्या लागतात.

आता आपल्या भागाकडे येऊ. 2011 च्या जनगणनेत ठाणे शहराची लोकसंख्या 18 लाखांच्या पुढे होती आणि कल्याण-डोंबिवली महापालिकेची सुमारे साडेबारा लाख. ठाणे जिल्ह्यातली दंत महाविद्यालयं मात्र मुख्यतः नेरुळ-बेलापूरच्या बाजूला एकवटलेली आहेत. डोंबिवलीच्या घरातून मुलाला घेऊन निघायचं, ठाण्याला उतरून ट्रान्सहार्बरची गाडी पकडायची, पुढे रिक्षा करायची, केसपेपर काढून रांगेत बसायचं आणि त्याच वाटेने परत यायचं. पाच मिनिटांच्या तपासणीसाठी अर्धा दिवस जातो, आणि ओपीडीची वेळ नेमकी शाळेची व कामाची वेळ असते. रविवार ठरवावा तर मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक आडवा येतो.

नोकरी करणाऱ्या आईवडिलांचं मूल दिवसभर आजी-आजोबांकडे किंवा पाळणाघरात असतं. दवाखान्यात त्याला आजी घेऊन येते. तिला नातवाच्या दातांबद्दल सगळं ठाऊक असतं: रात्री दुधाची बाटली कधी सुटली, गोळ्या-चॉकलेटं कोण आणून देतं, कोणत्या बाजूने चावायला दुखतं. पण आईवडील असताना संमतिपत्रावर तिची सही चालत नाही. ज्यांची सही चालते ते संध्याकाळच्या लोकलमध्ये उभे असतात. म्हणून संमतीची बैठक संध्याकाळी वस्तीत किंवा शाळेच्या पालकसभेला जोडून घ्यावी लागते, आणि आजीला त्या बैठकीत सन्मानाने बसवावं लागतं. पुढची तारीख पाळली जाणार की नाही, हे बहुतेक वेळा तीच ठरवते. ‘दुधाचेच दात आहेत, पडणारच की’ असं ती म्हणाली, तर तिच्याशी वाद न घालता दोन गोष्टी सांगाव्यात. मागच्या दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात राहतात. आणि सहाव्या वर्षी त्यांच्या मागे उगवणारी पहिली कायमची दाढ पुष्कळ घरांत दुधाचीच समजून दुर्लक्षिली जाते.

मग भाड्याच्या घरांचा प्रश्न. आपल्याकडे भाडेकराराची प्रचलित मुदत 11 महिन्यांची. 24 महिन्यांच्या पाठपुराव्यात असा करार दोनदा संपतो. कुटुंब डोंबिवली पूर्वेतून टिटवाळ्याला किंवा बदलापूरला जातं, शाळा बदलते, कधी फोन नंबरही बदलतो. मे महिन्यात मुलं कोकणात किंवा घाटावर आजोळी असतात, गणपतीत पुन्हा गावी. भिवंडीतल्या यंत्रमाग कामगारांचं गावाला जाणं वेगळ्याच हंगामात होतं. ज्यांना घर बदलावं लागतं, ज्यांची मजुरी रोजची आहे, ज्यांच्या वस्तीत दंतवैद्य नाही, त्यांच्याच मुलांच्या दातांना धोका जास्त असतो आणि अभ्यासातून आधी तीच मुलं बाहेर पडतात. मग अभ्यासाच्या शेवटी स्वतःच्या घरात राहणाऱ्या, एकाच शाळेत टिकणाऱ्या मुलांच्या दातांचं चित्र उरतं आणि ते साऱ्या जिल्ह्याचं म्हणून छापलं जातं. भिवंडीत तेलुगू आणि उर्दू, उल्हासनगरात सिंधी, मुंब्र्यात उर्दू आणि हिंदी बोलणाऱ्या घरांसमोर केवळ मराठी-इंग्रजी संमतिपत्र ठेवलं, तर ही गाळणी पहिल्याच दिवशी सुरू होते.

महाविद्यालयाचं वेळापत्रकही यात भर घालतं. एमडीएसचा पदव्युत्तर अभ्यासक्रम तीन वर्षांचा. पहिल्या वर्षात विषय ठरून नीतिसमितीची मंजुरी मिळेपर्यंत बरेच महिने जातात, आणि प्रबंध परीक्षेच्या सहा महिने आधी सादर करावा लागतो. मधल्या काळात मुलं मिळवून, उपचार करून पाठपुरावा किती होणार? सहा महिने, फार तर वर्ष. दुधाच्या दाढेत भरलेलं सिमेंट वर्षभर टिकणं ही मोठी बातमी नाही. ती दाढ पडेपर्यंत काय झालं, हे कळायला हवं. विद्यार्थी बदलला तरी मुलांची यादी विभागाकडे राहावी आणि पुढच्या तुकडीने तीच मुलं पुन्हा पाहावीत, अशी व्यवस्था विभागप्रमुख आजही करू शकतात. त्यासाठी वेगळा निधी लागत नाही. संमतिपत्रात तसं आधीच लिहिलेलं असावं लागतं.

मुलांपर्यंत पोचणारी एक सरकारी वाटही आपल्या दारात आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची देशव्यापी सुरुवात फेब्रुवारी 2013 मध्ये पालघरला झाली, तेव्हा पालघर ठाणे जिल्ह्यातच होतं. या कार्यक्रमाची पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा जातात, आणि तपासायच्या तीस विकारांत दातांचे विकारही आहेत. वस्तीतलं कोणतं घर कुठे हललं, हे अंगणवाडी सेविकेइतकं कोणत्याच संगणकाला माहीत नसतं. मात्र सरकारी कर्मचारी सोबत आली की घराला नकार देणं जड जातं, हेही लक्षात ठेवावं. तिची मदत घर शोधण्यापुरती घ्यावी. संमती मागणारा माणूस दुसरा असावा.

सहभागी मिळवण्यासाठी आणि टिकवण्यासाठी काय उपयोगी पडतं, यावर जगभरचा पुरावा विरळ आहे. सहभागी मिळवण्याच्या युक्त्यांवरचा कोक्रेन आढावा 2018 मध्ये निघाला. त्यात 68 अभ्यास होते, तरी भरवशाने शिफारस करण्याजोग्या युक्त्या दोनच हाती लागल्या: कोणाला कोणता उपचार मिळतोय हे न लपवणं आणि उत्तर न देणाऱ्यांना फोनने आठवण करणं. पहिली गोष्ट दरवेळी शक्य नसते. दुसरी शक्य आहे, पण फोन कोण करतं यावर बरंच अवलंबून असतं. मुलाचं नाव, त्याची शाळा आणि मागच्या वेळी तो कशाला रडला हे आठवणाऱ्या एकाच ताईचा फोन दर वेळी यावा. संमतीच्या वेळीच आणखी दोन-तीन नातेवाइकांचे नंबर, त्यांच्याशी संपर्काच्या परवानगीसह, लिहून घ्यावेत आणि त्यांतला एक गावचा असावा.

पैशांबद्दल संकोच नको. प्रवासखर्च आणि बुडालेली मजुरी भरून देणं योग्यच आहे. मुलाला अभ्यासात आणण्याचा मोह पडेल इतकी रक्कम पालकांना देणं अयोग्य. भरपाई किती द्यायची, हे नीतिसमितीने आधी मंजूर केलेलं असावं. भेटवस्तूंबाबत दंतवैद्यांनी खास काळजी घ्यायला हवी. भेट म्हणून दिलेला ब्रश आणि फ्लोराइडची पेस्ट हा स्वतःच एक उपचार आहे. तो द्यायचा तर सगळ्या गटांना सारखाच द्यायचा आणि अहवालात नोंदवायचा.

टिकण्याचा सर्वांत जवळचा संबंध मात्र खुर्चीत काय घडलं त्याच्याशी आहे. स्कॉटलंडमध्ये टेसाइड भागात 132 मुलांवर झालेल्या चाचणीत प्रत्येक मुलाच्या एका दाढेवर नेहमीचं भरण आणि दुसऱ्या दाढेवर इंजेक्शन किंवा कोरणं टाळून नुसती स्टीलची कॅप बसवली गेली. बहुतेक मुलांनी, पालकांनी आणि दंतवैद्यांनीही कॅपला पसंती दिली. याउलट सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड वेदनारहित आहे, स्वस्त आहे, 2021 पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या आवश्यक औषधांच्या यादीत आहे. पण किडलेला भाग त्याने कायमचा काळा पडतो. न्यू यॉर्क आणि न्यू जर्सीतल्या पालकांच्या एका पाहणीत मागच्या दातांवरचा हा काळेपणा 67.5 टक्के पालकांनी चालेल म्हटलं, पुढच्या दातांवरचा मात्र 29.7 टक्के पालकांनीच. हे फोटो दाखवून आधी सांगितलं नाही, तर शाळेच्या स्नेहसंमेलनाआधी काळा दात पाहिलेली आई पुढच्या तारखेला येणार नाही. आणि तिचं न येणं बरोबरच असेल.

पुढच्या प्रकरणांत संमतिपत्राची भाषा, भेटींचं नियोजन, गळतीची नोंद आणि निकाल पालकांपर्यंत पोचवण्याच्या पद्धती तपशिलाने येतात. त्या सगळ्यांमागचं म्हणणं एकच: घराचं वेळापत्रक मोडून कोणताही अभ्यास टिकत नाही, तेव्हा आराखडा करताना घराचं वेळापत्रक आधी मांडावं आणि औषधाचं नंतर. भेटींच्या तारखा शाळेच्या दिनदर्शिकेवर बसवाव्यात, मे महिना मोकळा सोडावा, तपासणीची खुर्ची शक्य तिथे शाळेत किंवा पालिकेच्या दवाखान्यात न्यावी. जो पालक सोडून जातो त्याला, त्याची इच्छा असेल तर, कारण विचारावं आणि ते अहवालात छापावं. अभ्यास संपला की निकाल दोन पानांच्या पत्रकात प्रत्येक घरी त्या घराच्या भाषेत पोचवावा.

पालकांसाठीही एक गोष्ट. मुलाला अभ्यासात घालण्याआधी निःसंकोच विचारा: दुसऱ्या गटात गेला तर त्याला काय मिळेल, दात दुखला तर रात्री कोणाला फोन करायचा, मध्येच सोडलं तर पुढचे उपचार बंद होतील का. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असंच यायला हवं आणि ते संमतिपत्रात लिहिलेलं हवं. ते तसं लिहिलेलं नसेल, तर सही करू नका.